मांडावरची मूठ

आमच्या पणतीचं, म्हणजे माझी नात केतकी हिच्या मुलीचं, बारसं झालं त्या वर्षी समुद्र पहिल्यांदा मांडावर चढला. साल दोन हजार सेहेचाळीस. पाळण्याला फुलं बांधून झाली होती, घुगऱ्या चुलीवर होत्या. तेवढ्यात शेजारची शेवंती साडीचा ओचा वर खोचून धापा टाकत आली.

"जयवंती, मांडार पाणी इला! चिऱ्यांच्या फटीत कुर्ल्यो फिरतत!"

"जेवूक इल्यो असतल्यो," माझा नवरा जगू म्हणाला. "आवतण सगळ्यांकच दिलेला मा!"

कोणी हसलं नाही. पोरीचं नाव तिच्या कानात सांगून झालं आणि आम्ही सगळे तसेच मांडाकडे गेलो.

माडवेळ हे आमचं गाव नकाशात शोधावं लागतं. पण गावाला एक मांड आहे. देवळाच्या पायऱ्या आणि गावविहीर यांच्यामध्ये जांभ्या दगडाचे चिरे बसवलेलं मोकळं पटांगण, चाळीस पावलं लांब, तीस पावलं रुंद. गावाची बैठक तिथे, शिमगा तिथे, भांडण मिटायचं तेही तिथे. आणि त्या चिऱ्यांखाली आमची माणसं आहेत.

आमच्याकडे होडीवरचा माणूस समुद्रात गेला आणि त्याचं शरीर मिळालं नाही, तर येणाऱ्या अमावास्येपर्यंत वाट पाहायची. त्यानंतर त्याच्या आईने, त्याची होडी जिथे ओढून ठेवत तिथली मूठभर वाळू उचलायची, मूठ न उघडता मांडावर यायचं आणि चिऱ्याखाली ती वाळू ठेवायची. चिरा बसला की माणूस गेला. त्या क्षणापासून त्याची बायको विधवा, आणि पुढे तिला दुसरं लग्न करायची मोकळीक. मूठ घातल्यावर तो माणूस जिवंत असल्याचं कळलं, तर आईने भर दुपारी, गावासमोर, चिरा उचलून वाळू समुद्राला परत द्यायची. मग बायकोने दुसरं घर केलं असेल तर तेही मोडलं. जो हे लपवील त्याच्या घराला मांडावर बसायचा मान नाही.

मांडावर अशा दोनशे अकरा मुठी होत्या. शेवटची माझ्या पहिल्या नवऱ्याची, लवूची. बावीस नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी, कार्तिकातली अमावास्या. मी वीस वर्षांची होते. सासूने वाळू ठेवली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. मग गावात वायरलेसवाल्या होड्या आल्या, हवामानाचा इशारा मोबाइलवर यायला लागला, आणि मूठ घालायची वेळ कोणावर आली नाही.

त्या बारशानंतर पाणी दर उधाणाला येऊ लागलं.

सरकारची एक समिती होती. समुद्र खाणार अशा जुन्या जागा ती उचलून उंचावर नेऊन पुन्हा मांडत असे, दगडाला दगड लावून. पण अट होती: जागा पाचशे वर्षांची आहे हे सिद्ध व्हायला हवं. नाहीतर नुकसानभरपाई घ्या आणि जागा समुद्राला द्या. आमच्याकडे कागद नव्हता. देऊळ मधल्या काळात नव्याने बांधलेलं, विहिरीवर काही कोरलेलं नाही.

"कागद कशाला हवा?" केतकी म्हणाली. "आजी, तुमच्याकडे दोनशे अकरा मुठी वाळू आहे."

केतकी पुण्याला एका प्रयोगशाळेत याच कामावर होती. सहा महिन्यांच्या पोरीला माझ्या मांडीवर ठेवून ती चार माणसं आणि एक पेटी घेऊन गावात राहायला आली. पेटी शिवणयंत्राएवढी. मांडावर त्यांनी काळ्या ताडपत्रीचा मांडव घातला, दुहेरी. दुपारी बारा वाजता आत शिरलं तरी हात दिसत नसे. आत फक्त एक मंद लाल दिवा.

मला साठीनंतर अक्षरं आली. कोणता चिरा कोणत्या घराचा हे सगळं मला माहीत, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम केतकीने मला दिलं. लाल दिव्याखाली मी नावं लिहायची आणि ती सांगायची.

"वाळूच्या कणाला वेळ कळते, आजी. प्रत्येक दगडातून, मातीतून अगदी बारीक किरणं निघत असतात. आत्ताही निघतायत. ती वाळूच्या कणात शिरली की आतले विजेचे कण जागचे हलतात आणि कणाच्या आतच खाचांमध्ये अडकून बसतात. जितका काळ अंधार, तितके जास्त अडकलेले."

"आणि ऊन लागला तर?"

"तर सगळे सुटतात. क्षणात. समज, अंधारात थेंबाथेंबाने भरणारा रांजण आहे. ऊन लागलं की तो पालथा होतो. पुन्हा अंधार झाला की पुन्हा पहिल्या थेंबापासून सुरुवात."

मी मुठीचा विचार केला. किनाऱ्यावरची वाळू, दिवसभर उन्हात पडलेली. रांजण पालथा. आईच्या मुठीत आली, अंधार. चिऱ्याखाली गेली, अंधार. तिथून एक एक थेंब.

"म्हणजे आयेन मूठ मिटल्यान, थयसून मोजणी?"

केतकीने मान डोलावली. "हो. आम्हाला जगात कुठेही इतकी स्वच्छ सुरुवात मिळत नाही."

पूर्वीच्या यंत्रांना शंभर वर्षं इकडेतिकडे झाली तरी कळत नसे. ही पेटी एकेक कण वेगळा मोजायची, हजार-बाराशे कण, आणि भोवतालच्या चिऱ्यातून किती किरणं येतात तेही मोजायची. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट ती पंधरा-वीस दिवसांच्या फरकाने सांगे. चारशे वर्षांपूर्वीची सांगताना एखाददुसरा पावसाळा चुके. मोजण्यासाठी कणावर निळा उजेड टाकायचा. अडकलेले सुटताना कण स्वतः उजळतो. इतका कमी उजेड की डोळ्यांना दिसत नाही, पण पेटी तो मोजते आणि पडद्यावर ठिपका उमटतो.

पहिला चिरा उघडला तेव्हा मी पडद्यासमोर बसले होते. काळ्या पडद्यावर एक ठिपका, मग दुसरा, मग मोजता येणार नाहीत इतके. कोणा बाईने कधीतरी मिटलेल्या मुठीतली वाळू उजळत होती. मी मांडीवरच्या पोरीला जवळ घेतलं.

"पण एकदा मोजलं की ते कण रिकामे होतात," केतकी म्हणाली. "पुन्हा विचारता येत नाही. म्हणून प्रत्येक घराची परवानगी लागेल, आणि चिमूटभरच घेईन."

महिनाभर हे चाललं. संध्याकाळी माणसं विहिरीच्या कठड्यावर बसून आपल्या चिऱ्याचं काय निघालं ते ऐकत. सर्वांत जुनी मूठ पाचशे नव्वद वर्षांपूर्वीची निघाली. देवळाच्या पायरीजवळच्या, कोणत्याच घराला आपल्या म्हणून माहीत नसलेल्या सव्वीस चिऱ्यांनी तर सगळ्यांना कठड्यावरून उठवलं. सव्वीसही मुठी एकाच पावसाळ्याअखेरच्या. चारशे एकोणतीस वर्षांपूर्वी एका अमावास्येला सव्वीस आया रांगेने मांडावर आल्या होत्या, आणि त्या वादळाची गावात साधी गोष्टही उरली नव्हती. शेवंती तोंडाला पदर लावून म्हणाली, "होड्ये किती असतीत गो तेव्हा गावात? सगळेच गेले काय?"

त्या दिवशी बायकांनी सव्वीस चिऱ्यांवर सव्वीस फुलं ठेवली.

समितीने मात्र केतकीला कळवलं, आकडे उत्तम, पण ज्या मुठीची तारीख जिवंत माणसाला ठाऊक आहे अशी एक तरी मूठ मोजून दाखवा. तीच चुकली तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

तशी मूठ एकच होती.

"आजी, तू तिथे बसली होतीस. तारीख तुला पाठ आहे. परवानगी देशील?"

"घे की," मी म्हटलं. माझ्या तोंडून शब्द निघतो न निघतो तोच ओसरीवरून जगू ओरडला, "नुको!"

ह्या माणसाने साठ वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता. तो लवूचा जाळ्यावरचा जोडीदार. लवूची होडी गेली त्या वादळाच्या दिवशी तापाने घरी होता म्हणून वाचला. दीड वर्षाने त्याने मला मागणी घातली, ती माझ्या सासूच्याच तोंडून.

"कित्याक नुको?" मी विचारलं.

"मेलेल्या माणसाक कित्याक छळतत? ऱ्हवांदे तेका थय."

"दोनशे दहा जणांक छळल्यानी तेव्हा तू चाय पित बघी होतंस."

तो उठून आत गेला. मला वाटलं, म्हातारपणी मत्सर सुचला. मला थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठीवर 'लवू बाबाजी तारी' असं लिहिलं आणि केतकीच्या माणसांनी चिरा उचलला.

पेटीला दोन तास लागले. केतकीने आकडा पाहिला, पेटी बंद केली, पुन्हा लावली, दुसरी चिमूट घेतली. पुन्हा दोन तास.

"आजी, नक्की चौऱ्याऐंशी?"

"माज्या नावाइतक्या नक्की."

"ही वाळू एक्याण्णव सालची आहे. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य." तिने डोळे चोळले. "आणि यात पांढरे कण आहेत, त्यांच्यातून उजेडच येत नाही. ते वाळूचे नाहीतच. पोवळ्याचे आहेत, बेटांवरच्या किनाऱ्यावर असतात तसले. आपल्या किनाऱ्यावर कुठून येतील?"

परवा समिती यायची होती. सहा वर्षांनी चुकणाऱ्या पेटीवर पाचशे नव्वद वर्षांचा भरवसा कोण ठेवणार? त्या सव्वीस आया, ती फुलं, सगळं एका आकड्याने खोटं ठरलं. घरी आल्यावर केतकीने पोरीला पाजलं आणि मुकाट्याने तारा गुंडाळायला लागली. पोरीच्या अंगावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं.

जगू दारात उभा होता.

"गुंडाळू नको, बाय," तो म्हणाला. "पेटी खोटी नाय. चिरो मी उचललंय. एक्याण्णव साली. आये माज्या वांगडा होती."

"कोणाची आये?" मी विचारलं, तरी मला कळलं होतं.

"लवूची. लवू बुडलोच नाय, जयवंती."

त्याने सांगितलं ते असं. होडी उलटली तेव्हा लवूने उलांडीचं, म्हणजे होडीला बाजूने आधार देणारं, लाकूड धरलं. तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे जाणाऱ्या एका मालाच्या गलबताने त्याला उचललं. कमरेचं हाड मोडलेलं, पाय गेलेले. गलबत लक्षद्वीपाकडचं, तिथल्या एका बेटावर त्याला उतरवलं. दोन वर्षं तो कोणाशी धड बोलला नाही. मग बसून जाळी दुरुस्त करायला लागला. सत्याऐंशी साली एका खलाशाच्या तोंडून त्याने आईला निरोप धाडला. तोवर माझं लग्न जगूशी झालेलं, केतकीचा बाप माझ्या मांडीवर. खलाशाने परत जाऊन लवूला तेही सांगितलं. त्यावर लवूचा उलटा निरोप आला: "माज्यावरचो चिरो उचलू नको. तिचा घर मोडात."

माझ्या सासूने तो निरोप पोटात ठेवला. चार वर्षं ती रोज माझ्या दारात येत होती. बांगडे आणून देत होती, माझ्या पोराला न्हाऊ घालत होती. आपला मुलगा जिवंत आहे हे तिने सुनेला सांगितलं नाही, कारण मुलाने तिला तसं सांगितलं होतं.

एक्याण्णवच्या माघात खलाशी परत आला, लवू गेल्याचं सांगायला. येताना त्याच्या कबरीजवळची पांढरी वाळू फडक्यात बांधून आणली. डोंगरावरच्या देवीची जत्रा होती, गाव तिकडे गेलेला. सासूला चिरा उचलवेना. ती जगूकडे आली.

"तोवर माका ठावक नव्हता. शपथेवर सांगतंय," जगू म्हणाला. "भर दुपारी आमी दोघांनी चिरो उचललो. जुनी वाळू तिना समुद्रात टाकल्यान. आमची वाळू नि ती पांढरी, दोनय एका मुठीत घेतल्यान. मग माज्याकडून वचन घेतल्यान."

"आणि पंचावन्न वर्सां तू माज्या समोर बसान जेवलंस."

"तो गेललो. सांगान तू काय करतली होतंस?"

"रडाक तरी गावला असता माका!" मी म्हटलं. "तुमी तिघांनी मिळान माज्या वाट्याचा रडनासुद्धा खाल्लात."

त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. पण डोकं थांबत नव्हतं. मला आठवलं, त्या जत्रेला तो ताप आला म्हणून घरी राहिला होता. मी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मला डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, सड्यावरच्या देवळात घेऊन गेला, नवीन डोरलं काढलं आणि पुजाऱ्यासमोर माझ्या गळ्यात बांधलं. मी विचारलं तर म्हणाला, नवस होता. मी चार वर्षांच्या पोराला खेळवत हसत उभी होते. मला वाटलं, तापाचा नवस. आता कळलं, त्याने त्या दिवशी माझ्याशी लग्न केलं होतं. त्याआधीचं लग्न नव्हतंच, हे फक्त त्याला माहीत होतं.

मला राग होता, तो राहिला. पण त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं. तीन माणसांनी, एकाने बेटावर बसून, एकीने माझ्या दारात बसून, एकाने माझ्या शेजारी बसून, माझ्यासाठी तोंड मिटून धरलं होतं. आणि चिमूटभर वाळूने ते जसंच्या तसं ठेवलं होतं, महिन्यासकट.

समिती सकाळी आली. पाच माणसं, अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई. सगळा गाव मांडावर जमला. केतकी मला म्हणाली, "आजी, तू नको सांगूस. मी म्हणेन, नमुना बिघडला. बघू काय होतं ते." मी ओळखलं, ती माझी अब्रू वाचवतेय आणि मांड सोडून देतेय. आमच्या घरात गप्प बसणारं हे चौथं माणूस झालं असतं.

"आजी, तुम्ही चौऱ्याऐंशी साल सांगितलंत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "यंत्र एक्याण्णव सांगतंय. कोण चुकतंय?"

जगू काठी टेकून उठायला लागला. "मी सांगतंय."

"बस तू," मी म्हटलं. दोन दिवसांतला माझा त्याच्याशी पहिला शब्द.

मी सगळं सांगितलं. लवू वाचला तेही, पावणेपाच वर्षं माझा नवरा जिवंत असताना मी दुसऱ्याच्या घरात नांदले तेही, आणि चिरा कोणी उचलला तेही. सगळे बाबल गावकराकडे बघायला लागले. मांडाचे नियम सांगायचं काम त्याच्या घराकडे आहे.

बाबल खाली बघत म्हणाला, "लपवला त्या घराक मान नाय. नियम आसा."

"लपवल्यान ती लवूची आये भागीरथी," शेवंती तिथूनच कडाडली. "ती मरान अठ्ठेचाळीस वर्सां झाली. जा, उठय तिका, नि सांग मांडावरसून खाली उतर म्हणान!"

माणसं हसली, मग हसू दाबलं. बाबलने बोटांवर नियम मोजले.

"नियम असो आसा," तो शेवटी म्हणाला, "की चिरो आयेन उचलूचो. उचललो आयेन. भर दुपारी उचलूचो. भर दुपारी उचललो. वाळू समुद्राक देवची. दिली. गाव बघूक होयो, तो जत्रेक गेललो. तो गावाचो दोष, तिचो नाय. मूठ खरी आसा."

अध्यक्षबाईंनी पांढऱ्या कणांची बाटली उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "इतकी खात्री देणारी साक्ष मी आजवर पाहिली नव्हती. वाळूचीही आणि तुमचीही."

महिन्याभरात मंजुरी आली. पावसाळ्यापूर्वी आम्ही मांड सड्यावर नेला. दोनशे अकरा चिरे, काळ्या फडक्याखाली दोनशे अकरा मुठी, ज्या त्या घराच्या माणसांच्या हातात. सव्वीस मुठींना घर नव्हतं, तर त्या गावातल्या सगळ्यांत लहान सव्वीस मुलींकडे दिल्या. आमची पणती त्यांतली एक. केतकीने तिला कडेवर घेतलं होतं आणि तिच्या मुठीवर आपली मूठ मिटली होती. डोंगराच्या वाटेवर माणसांची रांग पाहिली तेव्हा मला वाटलं, एवढा काळ पायांवर चालताना मी पुन्हा पाहणार नाही.

लवूची मूठ मी नेली. पेटीत घातलेली चिमूट केतकीने वेगळी माझ्या तळव्यावर ओतली. "हे कण आता रिकामे आहेत, आजी. यांची मोजणी आजपासून."

मी तीही त्याच मुठीत घेतली. जगू माझ्यामागे चिरा उचलणाऱ्यांत होता. वय पंच्याऐंशी, कोणी त्याला हात लावू देत नव्हतं, तरी त्याने एक कोपरा धरलाच.

नव्या मांडावर प्रत्येक चिऱ्यावर नाव आणि तारीख लिहिली आहे. आमच्या घराचं मी लिहिते.

लवू बाबाजी तारी पंधरा जानेवारी एकोणीसशे एक्याण्णव रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बेटावर ताप येऊन वारला. त्याचं वय एकतीस होतं. त्याची आई भागीरथी अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात वारली. माझा नवरा जगन्नाथ नऊ मार्च दोन हजार अठ्ठेचाळीस रोजी सकाळी, आमच्या घरी, खाटेवर, माझा हात धरून वारला. त्याच्यासाठी मूठ घालावी लागली नाही.